अंतर्गत बाब

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथे भरलेल्या युवक अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय : 'भारताचे परराष्ट्र संबंध आणि आपण.' ही पत्रिका घेऊन मी परवा गावात गेलो. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं ती नातवाकडून वाचून घेतली आणि मला म्हणाला, "आरं, येशीच्या आतलं राष्ट्र आजून आपलं झालं न्हाई, आन् तू परराष्ट्राचं काय सांगतुस?"

म्हाताऱ्यानं एका वाक्यात भाषण संपवलं. मी आता पाऊण तास तेच बोलणार आहे.

माझं शिक्षण मॅट्रिक. तेही इंग्रजीत दोनदा आपटून. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो, पाळी सुटली की कविता लिहितो. परराष्ट्र धोरणावर बोलायचं ते दिल्लीतल्या साहेबांनी, पेन्शनीतल्या राजदूतांनी, आणि तेही इंग्रजी पेपरात, असा या देशाचा रिवाज आहे. हमालानं त्यात तोंड घालायचं नाही. पण मी विचारतो, परराष्ट्राला रोज अंगानं भिडतो कोण? बोट धक्क्याला लागली की तिच्या पोटात उतरतात आमच्या टोळीतली माणसं. दिल्लीत कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फाटलं, ते आमच्या खांद्याला कळतं. एखादा माल एकाएकी यायचा बंद होतो, दुसरा एकाएकी वाढतो. आम्ही घाम पुसत म्हणतो, झाला वाटतं कुठंतरी करार.

आणि तुम्ही इथं कर्जतला बसून परराष्ट्रापासून लांब आहात असं समजू नका. २०१६ साली दिल्लीनं मोझांबिकशी तुरीचा करार केला. दर वर्षी ठरलेले टन तूर तिकडून घ्यायची. ती तूर बाजारात उतरली की इथल्या तुरीचा भाव हलतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. मग २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये बांगलादेश, अमिरात, भूतान, श्रीलंका अशा मोजक्या देशांना, मोजून मापून, सरकारी वाटेनं कांदा द्यायचं ठरलं. कुणाशी दोस्ती ठेवायची ते दिल्ली ठरवणार, आणि त्या दोस्तीचा कांदा नगर जिल्ह्याच्या वावरातून जाणार. त्या वावरात खुरपायला, काढायला, कापायला कोण असतं? आपल्या आया-बहिणी. कांद्याचा भाव पडला की पहिली कात्री लागते ती त्यांच्या हजरीला. मालकाचं नुकसान पेपरात येतं. त्यांचं येत नाही.

म्हणून म्हणतो, परराष्ट्र धोरण आपल्या पोटात आधीच शिरलेलं आहे. आपण फक्त त्याला ओळखत नाही.

आमच्या घरात परराष्ट्र पहिल्यांदा आलं ते आजीच्या ओट्यातून. १९७२ चा दुष्काळ. ती याच तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. नुकतं लग्न झालेलं, अंगावर एक लुगडं. रेशनला मिलो यायची. तांबडी, अमेरिकेची ज्वारी. आजी सांगते, "भाकर थापली तर तुटायची, खाल्ली तर पोट दुखायचं, पर खाल्ली. भूक व्हती."

त्या मिलोच्या मागं मोठी कहाणी आहे. अमेरिकेत १९५४ साली एक कायदा झाला, पी. एल. ४८०. आपलं जास्तीचं धान्य दुसऱ्या देशांना द्यायचा कायदा. १९५६ साली भारतानं त्याखाली करार केला आणि गव्हाच्या बोटी सुरू झाल्या. त्या गव्हाबरोबरच गाजरगवत आलं असं गावोगाव सांगतात. पुढं १९६५-६६ चा दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन गहू अडवून अडवून, महिन्याच्या हिशेबानं सोडू लागला. भारत व्हिएतनामच्या युद्धावर बोलतो, याचा राग त्या हिशेबात होता. म्हणजे तिकडं एका माणसाच्या कपाळाला आठी पडली की इकडं कोट्यवधी चुलींना घोर. १९७१ नंतर तो सवलतीचा गहू थांबला, आणि बहात्तरच्या दुष्काळात सरकार परदेशातून धान्य विकत आणू लागलं. त्यात ही मिलो आली, हजारो मैल समुद्र ओलांडून आजीच्या काटवटीत.

पण आजीची गोष्ट इथं संपत नाही. त्या दुष्काळी कामावर पाण्याचे रांजण दोन होते. एक त्यांचा, एक आपला. आपल्या बायांनी त्यांच्या रांजणाकडं बघायचंही नाही. म्हणजे अमेरिकेची मिलो गावाच्या चुलीपर्यंत गेली. ती कुणी पिकवली, कुणी पोत्यात भरली, मुंबईच्या गोदीत कुणाच्या पाठीवरून उतरली, हे कुणी विचारलं नाही. ती काही बाटलेली नव्हती. आणि गावाच्याच मातीतली माझी आजी, तिचा हात रांजणाला लागला असता तर पाणी बाटलं असतं.

मित्रहो, आजचा माझा सगळा विषय या दोन रांजणांत आहे. परदेशातलं चालतं, आपलंच माणूस चालत नाही. आणि बाहेरच्यानं विचारलं की हा काय प्रकार, तर उत्तर ठरलेलं : ही आमची अंतर्गत बाब आहे.

हे 'अंतर्गत बाब' शब्द मी आज तुमच्यापुढं उलटून पालटून दाखवणार आहे. हे कुठून आले, कुणाच्या तोंडी होते, आणि कुणाच्या तोंडी गेले.

१८६० च्या नोव्हेंबरात मद्रासहून निघालेली एक बोट दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बंदराला लागली. बोटीचं नाव ट्रुरो. तिच्यात गिरमिटिये होते, करारावर नेलेले मजूर. उसाच्या मळ्यात राबायला. १९११ पर्यंत अशी दीड लाख माणसं तिकडं नेली. आपल्या या कर्जत-जामखेड पट्ट्यातून उचल घेऊन, कोयता घेऊन, पोरंबाळं गाडीत घालून ऊसतोडीला माणूस जातो ना, तसंच. फक्त मधे समुद्र. त्या बोटींत सगळ्या जातींची माणसं होती, आणि गावकुसाबाहेरचीही होती. भुकेनं बोटीत चढणारा कोण असतो ते तुम्हाला सांगायला नको.

या लोकांवर गोऱ्यांनी कायदे लादले. इथं राहायचं नाही, तिथं जमीन घ्यायची नाही, मत द्यायचं नाही. १९४६ साली जनरल स्मट्सच्या सरकारनं आणखी एक कायदा केला आणि हिंदी माणसांच्या वस्त्या वेगळ्या पाडायचा घाट घातला. लोक त्याला घेट्टोचा कायदा म्हणू लागले. घेट्टो म्हणजे काय हे आपल्याला शब्दकोशात बघावं लागत नाही. गावाच्या पूर्वेला बघितलं की दिसतं.

तेव्हा भारतानं काय केलं? देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता. तरी १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. जगात असं करणारा पहिला देश आपला. संयुक्त राष्ट्रसंघ नुकताच जन्मला होता, त्याच्यापुढं तक्रार नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. स्मट्स स्वतः उत्तराला उभा राहिला. त्याचं म्हणणं काय? राष्ट्रसंघाच्या सनदेत दुसऱ्या कलमाचं सातवं उपकलम आहे : देशाच्या अंतर्गत बाबीत संघानं पडायचं नाही. माझ्या देशातल्या माणसांना मी कसं वागवतो ही माझी अंतर्गत बाब आहे.

भारत म्हणाला, नाही. माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न कुणाच्याही घरातली बाब होऊ शकत नाही. मतदान झालं. ८ डिसेंबर १९४६. भारताच्या बाजूनं ३२, विरुद्ध १५.

मी मनापासून सांगतो, त्या दिवशी भारत बरोबर होता. मला त्या ३२ मतांचा अभिमान वाटतो. पुढं वर्णभेद संपेपर्यंत भारत त्या लढ्यात उभा राहिला, हेही खरं. जे खरं आहे ते आपण खरं म्हणायचं. मग आपला प्रश्न विचारायचा.

आता त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. १९४६ मध्येच अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेनं राष्ट्रसंघाकडं अर्ज दिला की आमच्याच देशात आम्हाला माणूस म्हणून जगता येत नाही. ही बातमी बाबासाहेबांनी वाचली. त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या आणि आमच्या स्थितीत साम्य आहे, अस्पृश्यही असाच अर्ज करायच्या विचारात आहेत, तुमच्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारलं. डु बॉइस यांचं उत्तर आलं, सहानुभूतीचं, मदतीचं. मधे ना वकिलात, ना राजदूत. दोन माणसं, दोन तळातले समाज, एक टपाल. मला विचाराल तर आपलं परराष्ट्र खातं त्या पत्रानं उघडलं. १९७२ साली मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव उचललं, तेव्हा त्यांनीही दिल्लीला विचारलं नव्हतं.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या स्थितीचा अहवाल राष्ट्रसंघासाठी तयार केला. पण पाठवला नाही. १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना त्यांनी जे निवेदन केलं त्यात हे स्वतः सांगितलंय : अहवाल तयार होता, पण आधी घटना समितीला आणि येणाऱ्या संसदेला संधी द्यावी असं वाटलं, म्हणून थांबलो. त्याच निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणावरही बोट ठेवलंय. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळे देश आपले मित्र होते, चार वर्षांत मित्र उरला नाही. साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात. राजीनाम्याच्या कारणांत परराष्ट्र धोरण मांडणारा कायदेमंत्री हा आपला बाप. आणि आपण म्हणतो, आपल्याला त्यातलं काय कळतं!

तो न पाठवलेला अहवाल माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांना लोक देशद्रोही म्हणत होते, त्या माणसानं देशाला संधी दिली. हातातला कागद खाली ठेवला. त्या गोष्टीला पाऊण शतक होत आलं. संधीचं काय झालं?

बघू या काय झालं ते.

१९६५ साली राष्ट्रसंघात वंशभेद नष्ट करण्याचा जागतिक करार झाला. वंशभेद म्हणजे काय याची व्याख्या लिहायची होती. वंश, रंग, राष्ट्रीय मूळ असे शब्द आले. त्यात आणखी एक शब्द घातला : 'डिसेंट'. म्हणजे जन्म, कूळ, वंशावळ. कुणाच्या पोटी जन्मला यावरून माणसाला कमी लेखायचं नाही. हा शब्द घाला असं सुचवलं कुणी? भारतानं. स्वतः. १९६८ मध्ये भारतानं तो करार मान्यही केला.

आणि १९९६ साली त्या कराराची समिती भारताला म्हणाली, तुम्हीच घातलेल्या या शब्दात जात बसते, तेव्हा जातीचा हिशेब द्या. तर आपलं सरकार म्हणालं, छे, आमच्या मनात तसं नव्हतं. तो शब्द वंशापुरता. जात म्हणजे वंश नव्हे.

आता मला मधेच गोदीतली एक गोष्ट सांगू द्या.

एका बोटीवर आफ्रिकन खलाशी होता. वयानं माझ्याएवढाच. जेवणाच्या सुट्टीत माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचे बाबासाहेब बघून त्यानं खुणेनं विचारलं, हे कोण? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, आमचा लीडर. तो म्हणाला, आमचा म्हणजे कुणाचा? आता ह्याला कसं सांगू? जात, गावकूस, रांजण, हे इंग्रजीत कुठून आणू? मी शब्द जुळवतोय तोवर शेजारी माल मोजणारा एक क्लार्क होता, त्यानं फाडफाड इंग्रजीत उत्तर दिलं. त्यातलं मला एवढं कळलं : पूर्वी होतं तसं काही, आता आमच्याकडं जात राहिली नाही. खलाशानं मान हलवली. विषय संपला. हा क्लार्क दोन वर्षांत माझ्या बाटलीतलं पाणी कधी प्यायला नव्हता.

मी तिथं उभा होतो. प्रश्न मला विचारलेला होता. उत्तर त्यानं दिलं.

दोस्तहो, यालाच परराष्ट्र व्यवहार म्हणतात. आपल्याबद्दल जगानं विचारलेल्या प्रश्नाला आपल्या वतीनं दुसऱ्यानं दिलेलं उत्तर.

२००१ मध्ये हेच झालं, आणि तेही त्याच डर्बनमध्ये, जिथं ट्रुरो लागली होती. ३१ ऑगस्टपासून तिथं वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येनं गेले. ढोल घेऊन गेले, फलक घेऊन गेले, उपोषणालाही बसले. मागणी एवढीच होती की मसुद्यात 'काम आणि जन्म' यावरून होणाऱ्या भेदभावाचा जो परिच्छेद आहे, तो राहू द्या. जात हा शब्दसुद्धा त्यात नव्हता. ते दोन शब्दही सरकारला सोसवले नाहीत. परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी व्यासपीठावरून सरकारची बाजू मांडली : जात म्हणजे वंश नाही, आमच्या घटनेत बंदोबस्त आहे, आमचे कायदे आहेत, या परिषदेचा हा विषय नाही. देशाच्याच मानवी हक्क आयोगाचा सूर वेगळा होता. नाव काहीही द्या, भेदभावावर चर्चा व्हायला हवी, असं आयोगाचं म्हणणं होतं. पण अखेरच्या जाहीरनाम्यातून तो परिच्छेद गेला.

१९४६ मध्ये स्मट्सनं जे सांगितलं तेच पंचावन्न वर्षांनी आपण त्याच्याच देशात जाऊन सांगितलं. ही आमची अंतर्गत बाब. स्मट्स मेला होता, त्याचं राज्यही गेलं होतं, तुरुंगात सत्तावीस वर्षं काढलेला मंडेला त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाला होता. स्मट्सचा युक्तिवाद तेवढा बेवारस पडला होता. तो आपण उचलून घरी आणला.

घटनेत बंदोबस्त आहे, हे खरं. तो बंदोबस्त लिहिणारा आपलाच आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हेही खरं. मग इथून शेजारच्या जामखेड तालुक्यात जा. खर्डा. २८ एप्रिल २०१४. शाळेत शिकणारा सतरा वर्षांचा दलित पोरगा. मारून झाडाला टांगला. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. पोरगा मेला हे खरं, झाडाला होता हे खरं, मारलं मात्र कुणीच नाही. असा बंदोबस्त! ह्या बंदोबस्ताची कागदपत्रं सरकार जगाला दाखवतं. त्या झाडाची कुणी विचारपूस केली की म्हणतं, अंतर्गत बाब.

२००७ मध्ये त्या कराराच्या समितीनं भारताला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. पुढचा अहवाल २०१० मध्ये द्यायचा होता. ती तारीख उलटून दहा वर्षं झाली तरी तो गेला नाही. बाबासाहेबांनी अहवाल पाठवला नाही तो देशावरच्या विश्वासापोटी. ह्यांनी का पाठवला नाही ते तुम्ही ओळखा.

आणि जगाला आपण पाठवतो काय? बुद्ध पाठवतो. १९५४ साली चीनशी तिबेटवरून करार केला त्याला पंचशील नाव दिलं. बाबासाहेबांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्याची साल काढली : माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यानं स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं. हा निकष लक्षात ठेवा. घरातल्या बौद्धांना कसं वागवता, यावरून तुमचं पंचशील मोजायचं. आजही सरकार बुद्धाच्या पवित्र अस्थी परदेशी नेतं, २०२४ मध्ये थायलंडला, २०२५ मध्ये व्हिएतनामला. तिकडं लाखो लोक दर्शनाला येतात, चांगलं आहे. आम्ही युद्ध नाही, बुद्ध दिला, असं पंतप्रधान २०१९ मध्ये राष्ट्रसंघात म्हणाले. बाबासाहेबही आता जातात. लंडनमधलं ते राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. २०१६ मध्ये राष्ट्रसंघाच्या कचेरीत भारतानं त्यांची जयंती साजरी केली. मला आनंदच आहे. पण मी मालाच्या याद्या बघणारा माणूस आहे. यादीत बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत. आपलं गाऱ्हाणं नाही. ते धक्क्यावरच ठेवलंय.

आता तुम्ही गावात हे बोलाल तेव्हा तीन गोष्टी ऐकाल. त्यांची उत्तरं तयार ठेवा.

पहिली : तुम्ही परदेशात देशाची बदनामी करता. उत्तर द्या : १९४६ साली देशानंच जगाला शिकवलं की अन्याय चव्हाट्यावर मांडणं ही बदनामी नाही. बदनामी अन्यायानं होते. खर्ड्याच्या झाडानं झाली, त्याची बातमी सांगणाऱ्यानं नाही.

दुसरी : जात इथली, तिचं बाहेर काय काम? उत्तर द्या : जातच बाहेर गेली. पासपोर्ट काढून, विमानात बसून गेली. अमेरिकेत सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला तो उगाच नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळानं तसंच विधेयक पास केलं, आणि गव्हर्नरनं ते अडवलं. ब्रिटनमध्ये संसदेनं २०१३ मध्ये कायद्यात जात घालायचं ठरवलं, २०१८ मध्ये सरकारनं माघार घेतली. दोन्हीकडं विरोधाला पुढं कोण होते? आपलेच देशबांधव. तिथं म्हणाले, इथं जात नाहीच. इथं म्हणतात, ही घरातली बाब. घरात विचारलं तर म्हणतात, ते पूर्वी होतं. असं करत करत जात कुठंच नाही, आणि रांजण मात्र दोन.

तिसरी गोष्ट आपल्यातलाच एखादा म्हणेल : मग गोऱ्या साहेबांनाच सांगू, ते न्याय देतील. इथं जपून राहा. जॉन्सननं गव्हाची दोरी हातात धरली ती आजीच्या कळवळ्यानं नाही. कुठलाही देश आपल्या सोयीनं आपलं दुःख उचलतो आणि सोयीनं खाली ठेवतो. उद्या व्यापाराचा मोठा करार समोर असला की तो खर्डा विसरेल. आणि आपल्यातलेही काही, खोटं कशाला बोलू, एकदा जिनिव्हाच्या विमानात बसले की त्यांना कर्जत दिसेनासं होतं. अहवाल इंग्रजीत, जेवण हॉटेलात, आणि ज्या बाईवर अत्याचार झाला तिला तिचा अहवाल कुणी वाचूनही दाखवत नाही. तिच्या प्रश्नाला पुन्हा दुसऱ्यानंच उत्तर दिलं. क्लार्क बदलला, एवढंच.

मग आपले परराष्ट्र संबंध कुणाशी? मी सांगतो, आमच्या धंद्याकडं बघून. १९८४ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या बोटीवरचा माल उतरवायला नकार दिला. अकरा दिवस. त्यांच्या सरकारचं धोरण वेगळं होतं. त्यांचं त्यांनी ठरवलं. एप्रिल २००८ मध्ये डर्बनच्या, पुन्हा डर्बनच्याच, गोदी कामगारांनी झिम्बाब्वेकडं निघालेली हत्यारं चिनी बोटीवरून उतरवली नाहीत. त्यांनी कुठल्या मंत्रालयाला विचारलं नव्हतं. ही हत्यारं कुणाच्या छातीवर रोखली जाणार हे त्यांना कळत होतं, तेवढं पुरलं. असे लोक आपले. डु बॉइस आपला होता तो असाच. ज्यांच्या पाठीवर वळ आहेत त्यांच्याशी आपले संबंध. बाकी वकिलाती त्यांच्या त्यांनी सांभाळाव्यात.

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. मी एक काम घेऊन आलोय.

बाबासाहेबांचा अहवाल अपुरा आहे. तो आपण पुरा करायचा. कर्जत आणि जामखेड, दोन तालुके धरा. प्रत्येक गावाला एक वही. स्मशानाला जागा आहे का? पाणी कुठून भरता? अत्याचाराची फिर्याद कधी दिली, कुठल्या पोलीस ठाण्यात, गुन्हा नोंदवायला किती दिवस घातले, कुठली कलमं लावली, साक्षीदार किती होते आणि किती फिरले, का फिरले? तारखा पाहिजेत, नंबर पाहिजेत. फुगवून एक शब्द लिहायचा नाही. आपल्या बाजूचं खोटं सापडलं तर तेही लिहायचं. एक खोटी ओळ शंभर खऱ्या ओळींना मारते. मराठीत लिहा. ज्याचं गाऱ्हाणं त्याला आधी वाचून दाखवा, तो हो म्हणाला की सही, नाहीतर अंगठा. इंग्रजी करणारे पुष्कळ मिळतील. मी दोनदा नापास झालेला माणूस सांगतो, इंग्रजी हा आपला अडथळा नाही. आपलं उत्तर दुसऱ्याला देऊ देणं, हा अडथळा आहे.

ह्या वह्या आधी तहसीलदाराला द्यायच्या, मग जिल्हाधिकाऱ्याला, मग मुंबईला, दिल्लीला. बाबासाहेबांनी दिली तशी संधी आपणही एकदा देऊ. पोच घेऊन. आणि पोच आली, उत्तर आलं नाही, तर वह्या पुढं जातील. समुद्र काही फार लांब नाही. मी तिथंच असतो.

काल निघताना त्या म्हाताऱ्याकडं गेलो होतो. त्याला म्हटलं, आबा, पहिली वही आपल्या गावाची, पहिलं पान तुमचं. काय लिहू? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिव्ह. बहात्तर साल. रांजण दोन."

मी लिहिलंय. दुसरं पान कोरं आहे. कोण येतंय पुढं?

जय भीम.